मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: एचपीव्हीची लस मुलग्यांनाही द्या

मा. आरोग्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

दाढी करताना माझ्या भावाच्या हाताला जबड्याखाली एक गाठ लागली. दुखत नव्हती, ताप नव्हता. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, गाठ तशीच. चार महिन्यांनी सुईने तपासणी झाली आणि कर्करोग निघाला. मूळ टॉन्सिलमध्ये होते, तिथून तो मानेत उतरला होता. दादाने तंबाखूला कधी हात लावला नाही, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा.

कारण होते ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. तो शारीरिक संबंधातून पसरतो, मुखमैथुनातूनही. लागण इतकी सर्रास होते की त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. पण काहींच्या टॉन्सिलच्या खाचांत किंवा जिभेच्या मुळाशी तो ठाण मांडतो. त्यातल्या १६ क्रमांकाच्या प्रकाराची ई६ आणि ई७ ही प्रथिने पेशींच्या वाढीला लगाम घालणारी यंत्रणाच निकामी करतात. त्यातून गाठ व्हायला कित्येक दशके जातात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे हाच विषाणू असतो, हे दाखवल्याबद्दल हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. तेव्हापासून एचपीव्ही म्हणजे बायकांचा विषय, असे जणू ठरूनच गेले. वस्तुस्थिती अशी की अमेरिकेत आता या विषाणूमुळे होणारे घशाचे कर्करोग गर्भाशयमुखाच्या कर्करोगापेक्षा जास्त आहेत, आणि त्यातले बहुतेक रुग्ण पुरुष आहेत.

मंत्रिमहोदय, माझे सगळे म्हणणे पुढच्या मुद्द्यावर उभे आहे. गर्भाशयमुखासाठी पॅप चाचणी आहे. कर्करोग होण्याआधीचे बदल तिच्यात दिसतात. घशासाठी अशी कोणतीही चाचणी नाही. गाठ हाताला लागते तोवर रोग बहुधा मानेपर्यंत पोहोचलेला असतो. म्हणजे पुरुषाच्या हाती वेळेवर घेता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती लस. आणि आपल्या कार्यक्रमात ती फक्त मुलींना मिळते!

ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून मुलग्यांनाही ती द्यायला सुरुवात केली. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घशाचा कर्करोग रोखण्यासाठीही तिला मान्यता दिली. ही लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून ती ९ ते १४ या वयात, विषाणूशी गाठ पडण्याआधीच द्यायला हवी. खर्चाचे कारण पुढे येईल, याची मला कल्पना आहे. पण २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही चालेल असे सांगितले, तेव्हा ते गणित पुन्हा मांडायला हवे.

दुसरे मागणे लहान आहे. मोठ्या माणसाच्या मानेतली न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर त्याला लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे, अशी लेखी सूचना प्रत्येक दवाखान्यात जाऊ द्या. दादाचे चार महिने वाचले असते.

दादाला ३५ वेळा किरणोपचाराचा शेक दिला. दर वेळी चेहऱ्यावर प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा, तो टेबलाला घट्ट आवळलेला. बाहेर आल्यावर गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. एचपीव्हीमुळे झालेला हा कर्करोग उपचारांना चांगली दाद देतो, दादा आज बरा आहे. पण लाळ पूर्वीसारखी सुटत नाही. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो.

त्याचा मुलगा ११ वर्षांचा आहे. लस द्यायला त्याला घेऊन गेलो, तर “ही मुलींची आहे” म्हणून परत पाठवले. त्याचे वय निघून जाण्याआधी हा नियम बदला, ही कळकळीची विनंती.

आपली,
एका रुग्णाची बहीण