फेडोरा ४२ वर अपग्रेड करणाऱ्यांनी आधी हे बघा
मंडळी, फेडोरा या लिनक्स सिस्टिमच्या ४२ व्या आवृत्तीपासून बिन आणि एसबिन (कमांड म्हणजे प्रोग्रॅम ठेवायचे दोन फोल्डर) एकत्र झालेत, म्हणजे /युएसआर/एसबिन हा आता वेगळा फोल्डर नाही, /युएसआर/बिनकडे जाणारी नुसती सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) आहे. आर्च या दुसऱ्या लिनक्सने हे २०१३ लाच उरकलंय. डेबियन १२ (हेही एक लिनक्स) वाल्यांनी गोंधळू नका, तिकडे /बिन हे /युएसआर/बिनमध्ये आणि /एसबिन हे /युएसआर/एसबिनमध्ये गेलं, पण बिन आणि एसबिन अजून वेगळेच आहेत.

जुन्या स्क्रिप्टमध्ये /युएसआर/एसबिनचा पूर्ण पाथ लिहिलेला असला तरी चालतं, लिंक आहे ना, त्यामुळे उगाच सगळं बदलत बसू नका. खरी गोची होते ती आपण हाताने तिथे टाकलेल्या फायलींची, कारण पॅकेज मॅनेजरला (सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला) त्यांचा पत्ताच नसतो आणि तो फोल्डर रिकामा झाल्याशिवाय त्याच्या जागी लिंक येणार कशी! म्हणून अपग्रेडच्या आधी तिथल्या संशयास्पद फाइलवर 'आरपीएम -क्यूएफ' (फाइल कुठल्या पॅकेजची ते सांगणारी कमांड) चालवा, कुठल्याच पॅकेजची नाही असं आलं तर ती /युएसआर/लोकल/बिनमध्ये हलवा, आणि त्याच नावाचं काही तिथे आधीच असेल तर आधी दोन्ही उघडून बघा, डोळे झाकून ओव्हरराइट करू नका.

अपग्रेड झाल्यावर 'एलएस -एलडी /युएसआर/एसबिन' ही कमांड मारा, शेवटी स्लॅश देऊ नका नाहीतर लिंक दिसणारच नाही. ओळीची सुरुवात 'एल' ने आणि शेवटी बाण करून बिन आलं की झालं. सुरुवातीला 'डी' दिसलं, म्हणजे तो अजून खरा फोल्डरच आहे, तर मर्ज (एकत्र करणं) राहिलंय, मशीन तसंही चालतं, पण आत काय उरलंय ते इथे टाका, बघू.