गॉडफ्रे यांना एका ओळीत उरकू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दर फेब्रुवारीत नौसैनिकांच्या १९४६ च्या उठावावर लेख येतात. त्यांत व्हाइस ॲडमिरल जॉन गॉडफ्रे यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते: हवं तर सगळं नौदल नष्ट करू, अशी रेडिओवरून धमकी देणारा अधिकारी. धमकी खरीच आहे. पण मी नौदलात सिग्नलमन होतो, आणि या माणसाची पूर्ण कारकीर्द वाचल्यावर माझा राग वाढलाच.

ते १९०३ साली पोरवयात नौदलात गेले. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानच्या डार्डानेल्स सामुद्रधुनीत 'युरियालस' क्रूझरवर होते, पुढे 'रिपल्स' या युद्धनौकेचे कप्तान झाले. जानेवारी १९३९ मध्ये ब्रिटिश नौदलाचा गुप्तवार्ता विभाग त्यांच्याकडे आला आणि तिथे त्यांनी खरोखर अव्वल काम केलं. १९४० मध्ये नॉर्वेत फौजा उतरवताना किनाऱ्याची धड माहिती नव्हती. ते पाहून त्यांनी ऑक्सफर्डला खास विभाग उभा केला. युरोपात सुट्टीला गेला असाल तर तिथले फोटो पाठवा, असं बीबीसीवरून लोकांना आवाहन झालं. घरोघरच्या त्या फोटोंवरून वाळूचा, चढ-उताराचा अंदाज बांधला जाई.

सहकाऱ्यांशी खटके उडून ते पद गेलं आणि १९४३ मध्ये ते हिंदी नौदलाचे प्रमुख झाले. युद्धाआधी दोन हजारांच्या आत असलेलं हे नौदल तेव्हा पंचवीस हजारांकडे चाललं होतं. आमच्या कोकणातली पोरं त्यात होतीच.

परक्या किनाऱ्यावरची वाळू ओळखणाऱ्याला मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' या नौदल तळावर पोरांच्या ताटात काय पडतं, हे कळू नये? डिसेंबर १९४५ पासून तिथे 'भारत छोडो'च्या घोषणा रंगवलेल्या सापडत होत्या. शिवाय 'तलवार' म्हणजे सिग्नल शाळा. संदेश पाठवणं हाच ज्यांचा पेशा, ते बिथरले तर बातमी बंदराबंदरांत जाणार, हे आमच्या शाखेतला नवशिकाही सांगेल. १८ फेब्रुवारीला संप सुरू झाला आणि पाहता पाहता कराचीपर्यंत पोचला.

पुढच्या फेब्रुवारीत गॉडफ्रे यांची कारकीर्द आणि संपकऱ्यांच्या मागण्या शेजारी-शेजारी छापा, ही विनंती. त्या मागण्यांत जेवण आणि पगार होता, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा, हेही होतं.

आपला,
एक निवृत्त सिग्नलमन, मालवण