बाबा, टेकडी तीच आहे

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबांचा आवाज जरा पडलेला वाटला. "परवा घड्याळाने चढ ६४ मीटर दाखवला, आज ४९च, माझा दम कमी झाला बहुतेक" असं म्हणालात ना, ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. अहो बाबा, टेकडी तीच, वाट तीच, तुम्ही दोन्ही दिवस वरपर्यंत गेलात, मग चढ कमी होईलच कसा?

तुमचं घड्याळ उंची मोजतं ते हवेच्या दाबावरून. वर जावं तसा दाब कमी होतो, समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटरला १ मिलीबार. पण आभाळ भरून आलं तरी दाब बदलतोच आणि माणूस वर चढला का नुसती हवाच बदलली, हे घड्याळाला कळत नाही. नुसत्या जीपीएसवर सोडावं तर सॅटेलाइट सगळे डोक्यावर, खालून एकही नाही, त्यामुळे जागा बरोबर येते पण उंचीत चूक जास्त.

दुसरं म्हणजे घड्याळाच्या कडेची बारीक छिद्रं बघा, हवेचा दाब त्यांतूनच आत पोचतो. माझ्या घड्याळाने एकदा अख्खा घाट चढूनही चढ जवळपास शून्य दाखवला, नीट बघितलं तर छिद्रांवर घामाचं पांढरं मीठ सुकलेलं. साध्या पाण्याने धुवा, सुकू द्या, आत पिन अजिबात घालू नका. आणि निघताना मोकळ्यावर मिनिटभर उभं राहून जीपीएस लागू द्या, तुम्ही चालायलाच लागता लगेच!

आई, पट्टा तू बघ. मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर, घट्टसर, मागचा हिरवा लाईट त्वचेला टेकला पाहिजे, नाहीतर हार्ट रेट काहीही येतो. आणि जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय वगैरे नुसता अंदाज असतो, त्यात बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात, त्यामुळे बाबांनी किती ठोक्यांपर्यंत जायचं ते डॉक्टरांनाच विचारा. चढताना तुझ्याशी सलग एक वाक्य बोलता येत नसेल तर तिथेच थांबवायचं त्यांना, आकडा काहीही असो. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मला लपवू नका प्लीज.

रविवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा घड्याळ आणि बाबांचा चष्मा जवळ ठेव, उंची कॅलिब्रेट करायचं, म्हणजे खऱ्या उंचीशी जुळवून घ्यायचं, मी दाखवते.

तुमची,
ताई