आपली वंशावळ, आईच्या माहेरासकट

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, वंशावळीचा विषय काढला तर फोनवर म्हणालात, "आपण काय सरदार घराण्यातले?" सरदारांचं लिहिणारे पुष्कळ होते. मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या आजोबांचं आपल्याशिवाय कोण लिहिणार?

कचेरीत एवढ्यात जाऊ नका. आधी आत्याआजींकडे जाऊन बसा; नव्वदीच्या माणसाला पुढच्या महिन्यावर ढकलू नये. सन विचारलात तर त्या हात झटकतील. मार्शल लॉच्या आधी की नंतर, रझाकारांच्या वेळी कडेवर कोण होतं, असं विचारा. सोलापूरचा मार्शल लॉ मे 1930 चा, रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, धुमाकूळ थांबला सप्टेंबर 1948 मध्ये. मधली माणसं त्यावरून बसवता येतात. त्यांना विचारून फोनवर रेकॉर्डिंग लावा. आणि मध्येच त्यांना दुरुस्त करू नका, बाबा, तुमची ती सवय आहे!

शाळेच्या दाखल्याचं काही खरं नाही. तुमची जन्मतारीख 1 जून, काकांचीही 1 जून. शाळेत घालताना गुरुजींनी सोयीची टाकली. तहसीलात जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, गाव नमुना 14, मिळालं तर खरी तारीख निघेल. पण त्यात पुष्कळदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. म्हणून भावंडांचा क्रम आधी पक्का हवा, तो आत्याआजीच सांगतील. वारसाचे जुने फेरफारही, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर चढल्याच्या नोंदी, काढू. आपलं गाव तुळजापूरकडचं, निजामाच्या मुलखातलं, तेव्हा दप्तर उर्दूत निघेल नाहीतर मोडीत. वाचणारं माणूस मी बघते.

आई, तुझ्या बाजूचं जास्त अवघड आहे. वंशावळी लिहिणाऱ्यांनी बायका गाळल्या, आणि लग्नात नावं बदलली ती वेगळीच. तुझ्या आजीचं माहेर कुठलं, तिला लहानपणी काय हाक मारायचे, एवढं तरी वहीत लिहून ठेव. मामांना तुमच्या घराण्याचे पंढरपूरचे उपाध्ये, म्हणजे तीर्थावरचे पुरोहित, कोण ते विचार. त्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या घरांची नावं असतात.

पेटीतले कागद कुणाच्या सांगण्यावरून लॅमिनेट करू नका. खिडकीपाशी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला मी येतेच आहे, तेव्हा गावी जाऊ. तलाठ्यांना आधी फोन केलेला बरा, तेवढं बाबांनी बघावं.

तुमची,
धाकटी