खडूचा चौकोन दोनदा आखणाऱ्या महाडच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम जय भीम.

नाव कुठे घालू नका, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. पत्र मात्र उघड लिहितोय. तुम्ही आम्हा चौतीस जणांना जे दाखवलंत, ते महाडला जाणाऱ्या प्रत्येकाला मिळायला हवं.

आधी थोडी भडास. याच गटाला दोन वर्षांपूर्वी एका सहलवाल्याने ‘सकाळी रायगड, परतताना चवदार तळे’ असं एका दिवसात उरकून आणलं होतं. रोपवेची रांग लांबली की महाडच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, तसंच झालं. वीस मिनिटं, पुतळ्यापुढे एक फोटो, आणि वर मार्गदर्शकाचं ज्ञान: बाबासाहेबांनी इथे मनुस्मृती जाळली आणि मग पाणी प्यायले. चौतीसपैकी निम्म्या लोकांच्या डोक्यात तेच बसलं होतं. पैसे घेऊन चुकीचं सांगायचं, याला धाडस लागतं.

तुम्ही फोनवरच पहिला प्रश्न विचारलात, “कुठल्या घाटाने येताय?” वरंधने नको, ताम्हिणीने या, म्हणालात. कारण तेव्हा कळलं नाही. वरंध उतरलं की गाडी थेट महाडात घुसते आणि दासगाव मागे राहतं. ताम्हिणीने माणगावला आलं की महामार्गावर दासगाव आधी लागतं. आणि डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेची, जिथे मनुस्मृती जाळली गेली, तिची वाट दासगावातूनच सुरू होते. २४ डिसेंबर १९२७ला ‘पद्मावती’ बोटीने मुंबई सोडलेली मंडळी दुसऱ्या दिवशी दासगावच्या बंदरावर उतरली. धरमतरवरून मोटारीने येणं सोपं होतं, पण बसवाल्यांनी ऐनवेळी बहिष्कार घातला तर वाटेतच अडकायला होईल, म्हणून मुद्दाम ही वाट धरली. तिथून महाड पाच मैल, पायी. चळवळीच्या आखणीत बसवाल्यांच्या बहिष्काराचाही विचार करावा लागत होता, हे खाडीकाठी उभं राहून ऐकलं की वेगळंच लागतं.

ते पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर आम्हाला चालायचे होते. तुम्ही ठाम नाही म्हणालात. त्या बाजूने आज कंटेनर धावतात, पस्तीस-चाळीस माणसांची रांग महामार्गाच्या कडेने नेणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. दासगावात उतरून बघा, गाडीत बसा, शहराच्या तोंडाशी उतरा आणि मग चाला. गटात गुडघेदुखीवाले निघतातच, त्यांनाही एवढं झेपतं.

महाडात शिरल्यावर तुम्ही क्रम लावून दिलात आणि सगळा घोळ सुटला. मार्च वेगळा, डिसेंबर वेगळा. १९ आणि २० मार्च १९२७ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं तो हिशोब, आणि २०ला तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी पिणं. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून मांडवात जेवणाऱ्या माणसांवर काठ्या. मग पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने अस्पृश्यांना तळं खुलं करणारा आपलाच १९२४चा ठराव मागे घेतला. आणि डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम असल्याने २७ तारखेला मिरवणूक तळ्याला वळसा घालून, पाण्याला हात न लावता परतली. अस्पृश्यांच्या बाजूने हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडलं. म्हणून तळ्यावर पोचल्यावर तुम्ही आम्हाला पायऱ्यांकडे जाऊच दिलं नाहीत. आधी पूर्ण वळसा, मग पायऱ्या. पाणी समोर असून हात न लावता चालणं काय असतं, ते फलक वाचून कळत नाही.

पण काका, पत्र लिहायला घेतलं ते खडूसाठी.

मनुस्मृतीदहन म्हटलं की डोळ्यांपुढे मोठी होळी येते. चित्रांतही तशीच काढतात. क्रांतिस्तंभापाशी तुम्ही खिशातून स्टीलचा टेप काढलात, गुडघ्यावर बसलात आणि फरशीवर दीड फूट लांब, दीड फूट रुंद चौकोन आखलात. खड्डा एवढाच, खोली सहा इंच, आत चंदनाची लाकडं, वेळ २५ डिसेंबरच्या रात्री नऊची. कोपऱ्यांवर चार खांब, त्यांवर फलक. बस. लहान मुलाच्या पाटाएवढी जागा. कोणी बोललं नाही.

पाच मिनिटांनी मागे राहिलेल्या तीन आज्या पोचल्या. तोवर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपलांनी रेषा पुसट झाली होती. बोटाने दाखवून भागलं असतं, कोणी काही म्हणालं नसतं. तुम्ही पुन्हा खाली बसलात, टेप लावलात, चारही बाजू मोजल्यात आणि तेवढाच चौकोन तेवढ्याच काळजीने आखलात. मधून स्कूटर आली तर हात आडवा करून थांबवलीत. “आजींना नीट दिसू दे,” एवढंच म्हणालात.

चांगुलपणा म्हणतात तो असाच बारीक असतो बहुतेक, आणि महाडच्या गोष्टीत तो जागोजागी आहे. मार्चमध्ये मार खाणाऱ्यांना मुसलमान घरांनी आत घेतलं. डिसेंबरात परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखानांनी आपली जमीन दिली. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे आपापल्या जातीचा रोष पत्करून उभे राहिले, आणि दहनाचा ठराव मांडला तो सहस्रबुद्ध्यांनीच. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या इथल्या तरुणांनी त्याआधी पायपीट केली नसती तर परिषदच भरली नसती. ही नावं तुम्ही एकदाही कागदात न बघता, घरातल्या माणसांची घ्यावीत तशी घेतलीत.

आता जाणाऱ्यांसाठी, तुमच्याच शब्दांत. जुलै-ऑगस्टमध्ये येऊ नका, सावित्रीला पूर आला की शहरात पाणी चढतं, २०२१ साली काय झालं ते आठवा. रेल्वेने यायचं तर स्टेशन वीर, पण बहुतेक एक्स्प्रेस तिथे थांबत नाहीत, आधी बघून घ्या. २० मार्चला आलात तर गाडी बाहेर लांब ठेवून चालायची तयारी हवी. २०२७ला शंभर वर्षं होतात, तेव्हा तर विचारूच नका. शांतपणे बघायचं असेल तर जानेवारीतला साधा मंगळवार-बुधवार धरा. आणि रायगड दुसऱ्या दिवशी.

एक राहिलंच. तुमचा टेप आमच्या खाऊच्या पिशवीत आला आहे. कुरियर करणार नाही. येत्या २५ डिसेंबरला दासगावमार्गे घेऊन येतो. खडूची पेटीही आणतो.

आपला नम्र,
चौतीस जणांच्या वतीने