फिजिक्सच्या लॅबमधल्या मामांना

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या गावच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण ते चारचौघांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. कॉलेजच्या स्मरणिकेत प्राचार्यांचा फोटो असतो, विद्यापीठात नंबर काढलेल्या मुलांची नावं असतात, प्रयोगशाळेवर दोन ओळी असतात. ती प्रयोगशाळा रोज सकाळी उघडणाऱ्या, स्पेक्ट्रोमीटरच्या भिंगांवरची धूळ टिपणाऱ्या, घाबरलेल्या पोरापोरींना सांभाळून घेणाऱ्या माणसाला तिथं जागा नसते. म्हणून आधी हेच लिहिते: फिजिक्स मला तुम्ही शिकवलंत. सरांनी समीकरणं शिकवली, फार चांगली शिकवली, त्यांचं ऋण आहेच. पण या विषयाशी माझं नातं जडलं ते तुमच्या हाताखाली.

पाटण तालुक्यातून मी साताऱ्याला बी.एस्सी.ला आले तेव्हा घरून दर महिन्याला पैसे येतील अशी परिस्थिती नव्हती. कर्मवीर अण्णांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घातलं आणि वाट्याला तुमची लॅब आली. जोडणीच्या तारांची टोकं पॉलिश पेपरनं लख्ख होईपर्यंत घासायची. प्लग-कीचा पितळी खुंटा पिळून घट्ट बसवायचा. मीटर ब्रिज, म्हणजे विजेचा रोध मोजायचं उपकरण, त्याच्या तारेवर जॉकी (तारेला टेकवायचं धातूचं टोक) घासत न्यायची नाही, उचलून टेकवायची, नाहीतर तार झिजते आणि तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. सोडियमचा दिवा लावला की आधी तांबूस दिसतो, तो पिवळाधमक होईपर्यंत हात बांधून थांबायचं. यातलं काहीही अभ्यासक्रमात नव्हतं. उपकरणाला जपलं तर ते खरं बोलतं, ही तुमची श्रद्धा होती आणि ती तुम्ही माझ्या हातांत उतरवलीत.

केटरच्या लंबकाचा दिवस मला स्वच्छ आठवतो. गुरुत्वत्वरण मोजायचा हा प्रयोग लागला की निम्मी बॅच पुस्तकातल्या 9.81 कडे डोळे लावून बसायची. उत्तर तिथं पोचावं म्हणून दोलनांचा वेळ मागनं जुळवायची चाल कुठल्या कॉलेजात नसते? मला 9.78 आलं. मी तुमच्याकडे बघितलं. लंबक ज्यांवर टेकून झुलतो त्या दोन्ही सुरीधारा तुम्ही तपासल्यात, लंबक कुठं घासत नाही ना ते वाकून पाहिलंत, दोन्ही बाजूंचे दोलनकाळ जुळलेत का ते वहीत बघितलंत आणि म्हणालात, “आलं ते लिही, पोरी. पुस्तक काय साताऱ्यात छापलं न्हाई.”

सरांनी नंतर त्याचं कारण वर्गात उलगडून सांगितलं. 9.81 हा आकडा लंडन-पॅरिसच्या अक्षांशांवरचा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे 21 किलोमीटरनं जास्त भरते. विषुववृत्ताकडे जावं तसं गुरुत्वत्वरण कमी होतं. आपल्या साताऱ्यात ते 9.78 च्या आसपासच यायला हवं. 1672 मध्ये झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला, तेव्हा पॅरिसला बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथं दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागं पडायला लागलं. घड्याळ बिघडलं म्हणून तो मोकळा झाला असता तर कुणी विचारलं नसतं. त्यानं आलं ते लिहिलं. पुढं 1687 च्या ग्रंथात न्यूटननं त्याच नोंदीचा आधार घेऊन पृथ्वीच्या आकाराबद्दल बोट ठेवलं. साताऱ्याच्या एका खोलीत, भिंतीवरच्या एका धातूच्या दांड्याचे हेलकावे मोजून मला अख्ख्या पृथ्वीचा फुगवटा हाताला लागला होता. त्या संध्याकाळी मी राजवाड्यापर्यंत चालत गेले ते जमिनीकडे बघतच.

पण मी हे पत्र लिहायला घेतलं ते आजीसाठी.

माझ्या आजीचं माहेर आणि सासर दोन्ही कोयनाकाठचं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा जुनं गाव खाली गेलं, माणसं वर सरकली, ग्रामदेवतेची मूर्ती वर आणून छपराखाली ठेवली. देऊळ बांधायचं लांबत गेलं, आणि आजीनं लेकीसाठी बोललेला एक नवस फेडायचा राहिला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, भूकंप झाला. (बऱ्याच पुस्तकांत तारीख 10 डिसेंबर असते, ती ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे. आमच्या खोऱ्यात 11 ची पहाट होती.) तीव्रता 6.3. सुमारे 180 माणसं गेली. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. आजीची थोरली मुलगी, माझी आत्या, अंथरुणातच गेली. घरात तिचा एक फोटोसुद्धा नाही.

आजी त्यावर एकच वाक्य बोलायची. “माझ्या हातनं ऱ्हायलं, म्हणून देवीनं नेली.” वडील म्हणायचे, आई, असं काही नसतं. शेजारीपाजारी म्हणायचे, असं मनाला लावून घेऊ नये. पण असं नसतं म्हणणाऱ्याकडे, मग ते घडलं कसं, याचं उत्तर नव्हतं. आजीकडे मात्र उत्तर होतं, आणि ते तिनं कवटाळून धरलं होतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती साताऱ्याला आली. पट्टी सुटल्यावर म्हणाली, नात कुठं काम करते ते बघायचंय. दुपारची वेळ होती, लॅब मोकळी होती. तुम्ही तिला स्टुलावर बसवलंत, चहा दिलात. पाटणकडची म्हटल्यावर तुम्ही भूकंपाचा विषय काढलात, आणि जे वाक्य ती घराबाहेर कधी बोलली नव्हती ते तुमच्यासमोर बोलली. तुम्ही लगेच काही बोलला नाहीत. उठलात आणि चहाचे ग्लास धुवायला घेतलेत.

हीटरवरचं कढत पाणी एका ग्लासात ओतून तुम्ही तो हिसळून घेतलात. दुसरा गार पाण्यानं धुतलात. ऑप्टिक्सच्या कपाटातली मोठी काच टेबलावर ठेवली, ती ओली केली, एका टोकाखाली पेन्सिल सरकवली. आधी गार ग्लास वरच्या बाजूला उपडा ठेवलात. तो जागचा हलला नाही. मग तो उचलून गरम ग्लास तसाच, त्याच जागी उपडा ठेवलात. तो जरासा थांबला आणि कुणी बोटही न लावता सरकत सरकत काचेच्या खालच्या टोकाला गेला. आजी पुढं वाकली. “परत करा,” म्हणाली. तुम्ही परत केलंत.

मग तुम्ही जे बोललात ते मी आज वर्गात जवळपास जसंच्या तसं सांगते. “मावशी, ग्लास तेवढ्याच वजनाचा, उतार तेवढाच. आत कोंडलेली हवा तापली, फुगली, तिनं ग्लास केसभर उचलून धरला. पकड सुटली. तुमच्या डोंगराखाली खडकात भेगा हायत. त्या कधीपासनं ताणात हायत. वरच्या वजनानं एकमेकींवर दाबून बसल्यात म्हणून सरकत न्हाईत. धरणाचं पाणी मुरत मुरत खाली गेलं, भेगांत दाब आला, पकड सुटली.”

“म्हंजे पाण्यानं केलं?”

“पाणी निमित्त झालं. ताण आधीचाच व्हता. तुमच्या नवसानं त्यात तोळाभर वाढलं न्हाई आन् तोळाभर घटलं न्हाई.”

आजी बराच वेळ त्या काचेकडे बघत बसली. मग तिनं विचारलं, “मग त्याच राती का? आन् माझ्याच घरावर का?”

तुम्ही म्हणालात, “ते मला ठावं न्हाई, मावशी. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाबी ते सांगता येत न्हाई.”

मामा, तिथं तुम्हाला काहीतरी गोड बोलता आलं असतं. समोर एक रडवेली म्हातारी बसली होती, कुणीही बोललं असतं. तुम्ही आलं तेवढंच सांगितलंत. माझी खात्री आहे की आजीचा त्याआधीच्या सगळ्या बोलण्यावर विश्वास बसला तो या वाक्यामुळे. जो माणूस ठाऊक नसलेलं ठाऊक नाही म्हणतो, त्याचं ठाऊक असलेलं खरं असणार, एवढा हिशेब तिला कळत होता.

हे तुम्ही कुठं शिकलात, असं मी नंतर विचारलं. कोयनेवरचं व्याख्यान तुम्ही प्रोजेक्टर सांभाळता सांभाळता ऐकलं होतंत. ग्लास मात्र तुमचा स्वतःचा. धुतलेले ग्लास ओल्या ओट्यावर आपोआप सरकताना पाहून तुम्ही सरांना कारण विचारलं होतंत, आणि मग दोन्ही गोष्टी तुम्हीच जोडल्यात. पुढं एम.एस्सी.ला असताना मला वाचायला मिळालं की हबर्ट आणि रुबी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. त्यांनी बिअरचा गार केलेला रिकामा डबा काचेवर उपडा ठेवला होता. डब्यातली हवा तापू लागली की तो अगदी कमी उतारावरून खाली सरकायचा. खडकांच्या भेगांतल्या द्रवाचा दाब घर्षण कसं कमी करतो, हे त्यांना सांगायचं होतं. तो निबंध तुमच्यापर्यंत कधीच पोचला नव्हता. तुम्ही ओट्यावरून तिथं गेलात. मी हे वाचलं तेव्हा ग्रंथालयात माझे डोळे भरून आले.

आजीचं दुःख गेलं नाही. ते कशानं जाणार? ती देवीला जात होती, पुढंही जात राहिली, ओटी भरत राहिली. पण ते वाक्य मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. त्याऐवजी ती आत्याबद्दल बोलायला लागली. तिला भाकरीबरोबर काकवी लागायची. तिनं म्हशीच्या रेडकाला नाव ठेवलं होतं आणि ते दुसऱ्या कुणी घेतलेलं तिला खपायचं नाही. माझ्या वडिलांनासुद्धा आपल्या बहिणीच्या या गोष्टी तेव्हा पहिल्यांदा ऐकायला मिळाल्या. इतकी वर्षं त्या मुलीचं मरण तेवढं घरात राहत होतं. तुमच्या लॅबमधून परत गेल्यावर ती मुलगी घरी आली.

विज्ञान कोरडं असतं, माणसाच्या जगण्याला अर्थ लागतो तो दुसरीकडून, असं मला पुष्कळ जण सांगतात. शिकलेसवरलेले सांगतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे मी आजीकडे बघून सांगू शकते. तिच्याकडे अर्थ होताच. लेकीच्या मरणाला कारण होतं, दोषी होती, शिक्षा होती, आणि दोषी ती स्वतः होती. त्या अर्थानं तिला आतून पोखरलं होतं. ज्या जगात खडकाचा ताण कुणाच्या नवसाची वाट बघत नाही, त्या जगात ती पहिल्यांदाच निर्दोष ठरली. निसर्ग आपल्यावर डूख धरून नाही, तो कुणावरच धरत नाही, हे कळण्यात केवढी माया आहे! घर्षणाच्या एका साध्या नियमानं ते केलं. म्हणून घर्षणाचा धडा मी वर्गात कधी उरकत नाही.

तुम्हाला आवडेल म्हणून आता कोयनेची पुढची हकीकत. 1967 च्या आधी आपलं दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीनं स्थिर मानलं जायचं. आज कोयना-वारणा हा धरणांमुळं होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासासाठी जगात नावाजलेला भाग आहे. हे धक्के धरणाच्या दक्षिणेकडच्या साधारण 30 बाय 20 किलोमीटरच्या पट्ट्यात होतात आणि बहुतेक 10 किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर. म्हणजे शास्त्रज्ञांना नेमकं कुठं खणायचं ते माहीत आहे. कराडला केंद्र सरकारची त्यासाठीची प्रयोगशाळा आहे. पाटण तालुक्यातच गोठणे इथं 3 किलोमीटर खोल विंधनविवर (बोअर) घेतलं, ते 2017 मध्ये पूर्ण झालं. वरचा सव्वा किलोमीटर आपला काळा बसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइट आणि नाइस हे अतिप्राचीन खडक. भेग सुटते त्या क्षणी तिथला दाब आणि तापमान काय असतं, हे जागेवर जाऊन मोजायचा त्यांचा प्रयत्न आहे. त्याच रात्री का, या आजीच्या प्रश्नाला अजून कुणाकडे उत्तर नाही. पण तिच्याच डोंगरात माणसं तो प्रश्न घेऊन खाली उतरलीत, हे ऐकायला ती हवी होती. ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात तिनं तुमची चौकशी केली होती, “ते गिलासवाले दादा बरं हायत का?” हा निरोप तुम्हाला द्यायचा राहून जाऊ नये, म्हणूनही हे पत्र.

येत्या 11 डिसेंबरला माझ्या ज्युनिअर कॉलेजच्या मुलांसमोर मी ग्लासाचा प्रयोग ठेवला आहे. बरीचशी मुलं कोयना खोऱ्यातली आहेत, त्यांच्या घरांतही आमच्यासारख्या आज्या असतील. प्रयोग कुणाचा, हे मी त्यांना दरवर्षी सांगते. यंदा तो तुमच्या हातून व्हावा. आदल्या दिवशी मुक्कामालाच या, मामींनाही घेऊन या, मी स्टँडवर न्यायला येते. प्राचार्यांशी बोलून ठेवलं आहे, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत असेल, आणि तुम्ही त्या खुर्चीत बसणार नाही हेही मला ठाऊक आहे. केटरचा नवा लंबक मागवला होता, तो आला आहे. त्याच्या धारा एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ देत, मगच मुलांच्या हाती देईन.

मामींना नमस्कार.

तुमची,
‘कमवा आणि शिका’मधली पाटणची पोरगी