ढालीच्या धडकेला वजन हवे

महोदय,

मध्ययुगीन युरोपातल्या लढाईच्या गेमसाठी मी अ‍ॅनिमेशन करतो. माझी पहिली ढालीची धडक दार लोटल्यासारखी दिसायची. मागचा पाय रेटला, खांदा ढालीला टेकवला, टाच उचलली, तेव्हा कुठे तिला वजन आले. पण ती होती 18 फ्रेमची (फ्रेम म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र), म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम धरता 300 मिलिसेकंद. नुसते पाहून बटण दाबायलाच माणसाला साधारण 250 लागतात. समोरच्याने सावरायचे कधी? मी ती 30 फ्रेमची केली. अ‍ॅनिमेशनसाठी नमुने जुन्या चित्रांतही मिळतात: 15 व्या शतकातल्या जर्मन तलवारबाजीच्या सचित्र हस्तलिखितांत तर तलवारीचे पाते धरून तिच्या मुठीने हाणणारे योद्धे आहेत! गेमच्या व्यसनावर आपण लिहिता, ते योग्यच. अ‍ॅनिमेशनच्या या कारागिरीवरही लिहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे